सवतीचा टाक, तोंड आत

गेल्या वर्षीची भाद्रपद वद्य नवमी. सकाळी दुकान उघडून मी ओवायच्या कामाची पाटी पुसली, मेणाचा गोळा उन्हात ठेवला आणि लाल रेशमाची लडी सोडवायला घेतली. मेण जरा सैल झालं की त्यातून धागा ओढायचा, म्हणजे तो चिवट होतो आणि त्याला पीळ नीट बसतो. सणांचे दिवस जवळ आले की हे काम आधी उरकावं लागतं. मग गिऱ्हाईक मान वर करू देत नाही.

परभणीच्या सराफ्यात एका सोनाराच्या पायरीला लागून माझी बसायची जागा आहे. मी पटवेकरीण. सोनार दागिना घडवतो, आम्ही तो ओवतो. मंगळसूत्र, पोत, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, जे धाग्यात असतं ते सगळं आमच्याकडे येतं. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, दोन्ही हातांनी पीळ घालायचा, मणी ओवायचे, गाठ मारायची, शेवटी गोंडा. सासरकडून आलेलं काम. नवऱ्याला बसून कंबर धरायची, म्हणून तो एसटीत चिकटला आणि पाटीवर मी बसले. अंगठ्याला दोऱ्याचा वळ पडलाय, तो आता जायचा नाही.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या रोमन नाण्यांवर लिहा’ म्हणून निरोप पाठवला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, माझा संग्रह तुमच्या एका ओंजळीत मावेल. ते म्हणाले, चालेल. म्हणून लिहिते आहे.

नाण्यांचा नाद पुतळ्यांच्या माळेमुळे लागला. पुतळी म्हणजे सोन्याचं किंवा चांदीचं नाण्यासारखं गोल पान. पण जुन्या माळांत अधूनमधून खरं नाणंच घुसवलेलं असतं. एक पुतळी हरवली, घरात दुसरं गोल काही सापडलं, सोनारानं त्याला कडी लावली आणि ते ओवलं गेलं. अशी नाणी हातात यायला लागली आणि मी बघायला लागले. निजामाची ओळखता यायची, राणीछाप तर सगळ्यांनाच कळतात. मग एकदा दाढीवाल्या एका माणसाचं डोकं आलं, केसांत पानांची माळ, आणि कुठलीच लिपी लागेना.

ते कुणाचं, हे मला येलदरीच्या एका काकांनी सांगितलं. ते धरणावरच्या वीजघरातून निवृत्त झालेले, नाण्यांचे जुने शौकीन. बायकोचा चपलाहार ओवायला आले होते, पण माझ्या पाटीवरचं नाणं बघून हार विसरले.

“बाई, हा रोमचा बादशहा आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी यांची गलबतं आपल्या किनाऱ्याला लागायची. आपलं कापड, मिरी, मणी जायचे, त्यांची नाणी यायची.”

“मग हे लय महाग असेल.”

“असतं. पण तुमच्या सोनारानं भोक पाडलंय. आता याला कोण विचारतो!”

ते माझ्या डोक्यात बसलं. नाण्याला भोक पडलं की संग्राहक तोंड फिरवतो. माझं तर पोटच भोकावर चालतं. मी ठरवलं, कुणी घेत नाही ती नाणी मी घ्यायची. काकांच्या ओळखीनं दोन दुकानदार मिळाले. एखाद्या बऱ्या साडीच्या किमतीत भोकाचं, झिजलेलं चांदीचं नाणं येतं. तांब्याची तर ब्लाउजपीसच्या भावात. ज्याच्यावर राजाचं नाव वाचता येत नाही ते आणखी स्वस्त. मला नाव नकोच होतं. मी राजे दाढीवरून ओळखते आणि राण्या अंबाड्यावरून. रोमच्या राण्यांनी केसांचे जे प्रकार केलेत, ते बघून आपल्याकडची कोणतीही वेणी घालणारी बाई तोंडात बोट घालेल.

नवख्यांना मी चार गोष्टी सांगते. सोन्याच्या वाटेला जाऊ नका. नाण्याची कड बघा, तिथे जोडाची रेघ दिसली तर ते साच्यात ओतलेलं नकली आहे. घासू नका, आमच्या सराफ्यात सगळं चकचकीत करायची खोड असते, पण जुन्या नाण्याचा काळा थर गेला की ते मेलं. आणि दुकानदाराची पावती घ्या. शेतात नांगराला लागलेलं कुणी गुपचूप विकायला आणलं तर हात लावू नका. जमिनीत सापडलेलं सरकारचं, त्याची वाट कलेक्टर कचेरीकडे जाते.

हे लोकांना पटत नाही, त्यांना जुन्या नाण्यात जादूच हवी असते. एकदा दोघे जण मोटारसायकलवरून आले. एकाच्या हातात स्टीलची ताटली, दुसऱ्याच्या खिशात तांदूळ. “तांदूळ ओढणारं नाणं हाय का तुमच्याकडं? कोट्यवधीला जातंय.” मी म्हटलं, बसा. माझी सगळी नाणी मी एकेक करून त्या ताटलीत ठेवली. तांदूळ जागचे हलले नाहीत. शेवटी पंख्याचं वारं लागून दोन दाणे सरकले, तर थोरल्यानं धाकट्याच्या मांडीला चिमटा घेतला. “पंखा हाय, दादा,” धाकटा म्हणाला. जाताना ते तांदूळ माझ्या पाटीवरच सांडून गेले. मी वेचून चिमण्यांना टाकले.

जी नाणी परवडत नाहीत किंवा विकाऊ नसतात, त्यांचा मी ठसा घेते. धाग्याचं मेण हाताशी असतंच. चपटी वडी करायची, नाणं दाबायचं, काढायचं. मागं सुईनं वर्ष कोरायचं. ठशात सगळं उलटं येतं. नाण्यावरची बाई उजवीकडे बघत असेल तर मेणातली डावीकडे बघते. मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात असे कितीतरी ठसे आहेत. फुकटचा संग्रह. त्या डब्यातल्या एका नाण्याचीच ही गोष्ट आहे.

त्याआधी सवतीचा टाक म्हणजे काय ते सांगते. आता हा प्रकार कमी झालाय, शहरातल्या मुलींना ऐकूनही माहीत नसतो. पहिली बायको वारली आणि माणसानं दुसरी केली, तर दुसरीनं पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा. नखाएवढं पान, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. सणाला आधी त्या टाकाला हळदकुंकू, मग हिनं लावायचं. नवी साडी आधी टाकाला दाखवायची, मग नेसायची. नाहीतर मेलेली चिडते, असं म्हणतात. पितृपक्षातली नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. तिला अविधवा नवमी म्हणतात. तिच्या आधीचे आठ-दहा दिवस माझ्याकडे असे टाक ओवायला यायचे. एकीला टाकाचा धागा हिरवाच लागायचा, कारण सवतीला हिरवा रंग आवडायचा. आयुष्यात कधी न बघितलेल्या बाईची आवड ती मला ठासून सांगायची.

राणीसावरगावची सुभद्रा पहिल्यांदा आली त्याला दहा-बारा वर्षं झाली. जिरायत शेतीवरचं घर, गळ्यात काळी पोत आणि तिला लोंबता टाक. धागा कुजला होता. मी टाक तळहातावर घेतला आणि माझा हात थांबला. तो टाक नव्हता. ते रोमचं चांदीचं नाणं होतं. उजवीकडे बघणारी बाई, सरळ नाक, मानेवर नीट बांधलेला अंबाडा, भोवती अक्षरं झिजून गेलेली. वर जुनी कडी.

“हा कुठला गं?”

“माज्या आत्याबाईनं दिला. त्यांच्या पुतळ्यांच्या माळेतला हाय, पिढ्यान्‌पिढ्याचा.” आत्याबाई म्हणजे तिची सासू. “कला गेली तवा टाक घडवायला बी काई नव्हतं घरात. आत्याबाईनं माळेतली ही बायकी पुतळी सोडवली अन्‌ म्हनल्या, ही बघ, कलाचंच तोंड हाय.”

कला म्हणजे कलावती, सुभद्राच्या नवऱ्याची पहिली बायको. मुलगी झाली आणि आठवड्यात गेली. तिचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नात फोटोवाला बोलावला होता, पण त्याचा अख्खा रोल पांढरा निघाला. म्हणजे कलावती दिसायला कशी होती हे सांगणारं जगात हे एकच नाणं उरलं होतं, आणि ते रोमच्या कुठल्या तरी राणीचं होतं.

मी मेणाची वडी केली. ठसा घेतला आणि सहज विचारलं, “विकायचा का?” सुभद्रा नुसती हसली. “सवत कोन विकतंय का, अक्का?”

मी धागा नवा घालून दिला. पोतीपासून बोटभर धाग्यानं टाक खाली सोडतात, तसा सोडला. पुढच्या नवमीआधी ती आली तेव्हा नाणं उलटं होतं. राणीचं तोंड छातीकडे, पाठ लोकांकडे. मला वाटलं, माझाच पीळ चुकला. एकाच बाजूला पिळलेला धागा वजनानं उलगडतो आणि खालची वस्तू फिरते, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी दोन पदर घेतले, एकाला उजवा पीळ, दुसऱ्याला डावा, आणि दोन्ही एकमेकांत घातले. एक पदर इकडे ओढतो, दुसरा तिकडे, वस्तू जागची हलत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तोंड आत.

मी चार पदर केले. कडीच्या वर बारीक गाठ दिली. रेशीम बदललं. दुकानात खिळ्याला टांगून दुपारभर नजर ठेवली, पंखा बंद करून, घाम पुसत. हललं नाही. राणी गल्लीकडे बघत राहिली. सुभद्राच्या गळ्यात गेलं आणि वर्षानं परत आलं की तोंड आत. माझ्या हातचं काम असं फिरायला लागलं की मला जेवण गोड लागत नाही. मी दरवर्षी नवा तोडगा काढायची. सुभद्रा समोर बसून बघायची आणि म्हणायची, “कशाला एवढा जीव काढता, अक्का? ऱ्हाऊ द्या की.” मला तो तिचा भला स्वभाव वाटायचा.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. दरवर्षी मी ठसा घेत होते, पण ते कधी एकाशेजारी एक ठेवून बघितले नव्हते. दोन वर्षांपूर्वी डब्याला मुंग्या लागल्या म्हणून सगळं बाहेर काढलं आणि सुभद्राच्या नाण्याचे ठसे सहज ओळीत मांडले. अंगावर वापरलेली चांदी झिजते. राणीचं तोंड वर्षागणिक पुसट व्हायला हवं होतं. ते ठसठशीत होत गेलं होतं. पहिल्या ठशात गाल कोवळा, हनुवटी बारीक, दहा वर्षांच्या पोरीसारखी. पुढे गाल भरत गेला, मान लांबली. अलीकडच्या ठशांत अंबाड्यातून एक बट मानेवर सुटलेली होती. ती पहिल्यात नव्हती.

मी बाहेर जाऊन चहा घेतला. मग विचार केला. हळदकुंकू वर्षानुवर्षं खाचांत बसतं, त्यानं रेषा भरून जातात, चिंचेनं धुतलं की उघड्या पडतात. बट आधीपासून असेल, आत्ता दिसली. शिवाय परभणीच्या उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, त्यात तोंड सुजल्यासारखं होणारच. हे सगळं बरोबर होतं. फक्त त्याच डब्यातल्या बाकीच्या ठशांना काही झालं नव्हतं. दाढीवाले राजे जसे होते तसेच होते.

मी डबा बंद केला आणि कामाला लागले.

गेल्या वर्षी सुभद्रा नवमीच्या आधी आलीच नाही. ऐन नवमीच्या दिवशी आली. मी रेशमाची लडी सोडवत होते तेव्हा ती पायरीशी उभी. गळा मोकळा. मूठ आवळलेली.

“घरी पूजा नाही का आज?” मी विचारलं.

“न्हाई केली.” ती पाटीसमोर बसली आणि मूठ उघडली. गळ्यातून सुटलेल्या पोतीसकट नाणं माझ्यासमोर ठेवलं, तोंड खाली. “तुमाला लय वर्षं आवडती ना ही? घ्या. पैशाचं नाव काडू नका. तुमी घेतली न्हाई तर जाताना गंगाखेडला उतरून गंगेत सोडती.”

मला हवं होतं ते असं समोर पडलेलं, आणि माझा हात पुढे होईना. धागा हाताला लागला तो बघितला. माझा चार पदरी धागा. तो तुटला नव्हता, कापला नव्हता, कुजलाही नव्हता. चारही पदर उलगडून सुटे झाले होते.

“आत्याबाई काय म्हणतील?”

“आत्याबाई गेल्या की जेठात.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “जाताना मला जवळ बोलावलं. म्हनल्या, सुभद्रे, मी चुकले. मला वाटलं पुजलं की शांत बसंल.”

मग तिनं सांगितलं ते मी तिच्याच क्रमानं देते. ती पुतळी पूर्वी नुसती पुतळी होती. सासू लग्न होऊन आली तेव्हा घरच्या बायका म्हणायच्या, या पुतळीचं तोंड तुझ्या थोरल्या नणंदेसारखं दिसतं. नणंद पहिल्या बाळंतपणात गेली. मग बरीच वर्षं कुणी माळेकडे बघितलं नाही. कला सून होऊन आली आणि एका सणाला माळ काढली तेव्हा सासूच्या ध्यानात आलं, तोंड बदललंय. कलासारखं झालंय. कला जिवंत होती तेव्हा. दोन वर्षांनी ती गेली. सासूला वाटलं, आता हे तोंड हिचंच म्हणून पुजलं, सवतीचा मान दिला, म्हणजे ते कलावरच थांबेल, पुढे जाणार नाही.

“अन्‌ थांबलं का?” सुभद्रानं मलाच विचारलं.

माझ्या मागे डब्यात ठसे होते. मी म्हटलं, “तूच सांग.”

“शीतलसारखं व्हायलंय. मला पयल्या दोन-तीन वर्षांतच समजलं.” शीतल म्हणजे कलाची मुलगी, सुभद्रानं वाढवलेली. परभणीत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न ठरलेलं. “पोरगी माज्या म्होरं खेळायची अन्‌ ही तिच्याकडं टक लावून बघायची. म्हनून मी उलटी करायची. आंघोळ झाली की पयलं काम, हिचं तोंड आत. म्हनलं, बघायचंच आसंल तर मला बघ. मला बघून काय घेनार, माजं नाक हे असं बसकं.”

मी लडी खाली ठेवली. मग म्हटलं, “तू उलटी करायचीस?”

“मग कोन?”

“आणि मी मरमर मरून ती सरळ राहावी म्हणून पीळ घालत होते!”

“म्हनून तर म्हनायची, ऱ्हाऊ द्या! तुमचा धागा लय जोराचा, अक्का. सोडली की गर्रकन्‌ भायेर बघायची. दिसातून धा येळा फिरवावी लागायची.”

आम्ही दोघीही हसलो. हसू जास्त टिकलं नाही.

“आता शीतल म्हनती, लग्नात आई माज्या गळ्यात पायजे. सासरी बी नेनार म्हनती. तिला काय सांगू? तुमी ठेवा, न्हाईतर पान्यात जाऊ द्या. पोरीला देऊ नका एवढंच.” ती उठली. त्या रात्री बहिणीकडे परभणीतच राहणार होती, सकाळच्या गाडीनं गावी. “उद्या जाताना इचारते, काय ठरलं ते.”

मी या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. गळ्यातल्या नाण्यानं बाळंतपणात माणूस जात नाही. दवाखाना लांब असला की जातो. हे मी स्वतःला सांगितलं, आणि नाणं सुलटं करून बघायचं मात्र टाळलं.

दुपारी लाइट गेली होती. पायरीशी स्कूटी थांबली आणि शीतल आत आली. मी तिला लहानपणी दोनदा बघितलं होतं, सुभद्राचं बोट धरून आलेली. आता ओढणी सावरत समोर बसली.

“काकू, आई आली होती का इथं?”

“आत्ता सकाळी गेली की सुभद्रा.”

“ती मावशी. मी आईचं विचारतेय.” सुभद्राला ती मावशी म्हणते. “घरी फोन केला तर बाबा म्हणाले, गळ्यातलं घेऊन परभणीला गेलीय. मला वाटलंच, तुमच्याकडे असणार.”

खोटं बोलायचं तर मला वेळ लागतो. मी पाटीवरच्या कापडाखालून नाणं काढलं. तिनं ते घेतलं, सुलटं केलं, अंगठ्यानं पुसलं.

“शीतल, मी तुला स्पष्ट सांगते. ही तुझी आई नाही. ही रोमच्या एका राणीची तसबीर आहे, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची.”

“माहितेय.”

“माहितेय?”

“मोबाइलवर फोटो काढून बघितलं होतं बारावीत असताना. लगेच आलं.” तिला माझ्या चेहऱ्याची गंमत वाटली. “असू द्या की राणी. मी जन्मल्यापासून हिलाच नमस्कार केलाय. दुसरं तोंड आहे का माझ्याकडे आईचं?”

मी डबा काढला. का काढला ते आजही नीट सांगता येणार नाही. ठसे ओळीत मांडले. ती वाकून एकेकावरून बोट फिरवत गेली. पहिल्याशी थांबली. “ही आई असेल. एवढी लहान असताना.” मग शेवटाकडे आली. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला आणि तिनं गल्लीकडे मान वळवली. माझ्याकडून तिची डावी बाजू दिसत होती. मेणातली बाईही डावीकडेच बघत होती. नाक, ओठांचा कोपरा, हनुवटी. अंबाड्यातून सुटलेली बट शीतलच्या मानेवर होती, घामानं चिकटलेली.

तिनं परत खाली बघितलं. “अय्या, ही मीच की!” ती हसली.

मी शेवटचा ठसा उचलून मुठीत धरला, आणि मग सुभद्रानं सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. नणंद, कला, आत्याबाईची चूक. सुभद्रानं मला बजावलं होतं ते नाणं द्यायचं नाही एवढंच, आणि ते मी देणार नव्हते. पण लग्न तिचं, गळा तिचा, तिला कळायला हवं होतं. ती नर्सिंगची मुलगी. ऐकताना मान हलवत होती, “काकू, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव असतो तो,” असंही मध्येच म्हणाली. मी म्हटलं, मलाही तेच वाटतं. मग तोंड आत फिरवण्याचं सांगितलं, तेव्हा तिची मान थांबली.

“मावशी फिरवायची? रोज?”

“दिवसातून दहा वेळा, म्हणत होती.”

नाणं तिच्या तळहातावर होतं आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

“मला वाटायचं, तिला आईचं तोंड बघवत नाही. मी तिला सातवीत असताना बोलले पण होते तसं. सगळ्यांसमोर, संक्रांतीला. म्हटलं होतं, तुला माझी आई खुपते. तिनं त्या वेळी काहीच सांगितलं नाही. नुसती पदर घेऊन आत गेली.”

मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. ती प्यायली नाही. मोबाइल काढून फोन लावला. मी रेशमात डोकं घातलं, पण जागा एवढीशी, ऐकू येणारच.

“मावशी, जेवलीस का? ... हां, इथंच आहे, काकूंकडे ... नाही, मी नाही घेणार. तूच घाल ... पाण्यात नको सोडू गं. तुझ्याच गळ्यात राहू दे, लग्नातपण ... हो, तोंड आत. आतच ठेव ... बरं, तू जेव आधी.”

फोन ठेवून तिनं नाणं माझ्या पाटीवर ठेवलं, तोंड खाली. मग पहिला ठसा उचलला. “काकू, हा देता का मला?” माझ्या संग्रहातला तो एक चांगला ठसा होता. मी म्हटलं, “मेण आहे, उन्हाळ्यात टिकायचं नाही. शेजारी सोनाराकडून चांदीत ओतून घे.” ती ओढणीच्या टोकात बांधून घेऊन गेली.

येलदरीच्या काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “बाई, फुकट आलेलं सोडलंत!” खरं आहे. राणीचं एवढं साफ चांदीचं नाणं माझ्या ऐपतीत पुन्हा यायचं नाही. कधीकधी हिशेब न करताही ते डोक्यात येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर दुकान उघडलं. आदल्या दिवशी मुठीत धरलेला शेवटचा ठसा गोळ्यात टाकला, चोळून एकजीव केला, आणि त्याच मेणातून लाल रेशीम ओढलं. अंगठ्याला दोरा अडकवला. या वेळी दोन्ही पदरांना एकाच बाजूचा पीळ दिला, डावा, शिकाऊ पोरीनं घालावा तसा कच्चा. अशा कामाला माझ्या सासूनं हातावर मारलं असतं. कडी ओवली, गाठ मारली, पोत जोडली. खिळ्याला टांगून बघितलं नाही.

सुभद्रा गाडीच्या वेळेआधी आली. मी पोत तिच्या गळ्यात घातली आणि मागून अडकवली. नाणं छातीवर आलं तेव्हा तोंड बाहेर होतं. सवयीनं तिचा हात वर गेला, उलटं करायला. तो पोचायच्या आधीच नाणं हळूच वळलं, तिच्याकडे तोंड करून टेकलं आणि थांबलं.

तिचा हात तसाच मध्ये राहिला. मग तिनं तो खाली घेतला, पिशवी उचलली आणि गाडीसाठी निघाली. पायरीवर एक बाई तुटलेली बोरमाळ घेऊन उभी होती. मी तिला बसायला सांगितलं.